तेवीस नंबरचा मुखवटा

१

बुधवारी सकाळी आठ चाळीसला अकिमोतोने मुखवट्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि वर पाहिलं. वरच्या फळीवर बावीस नंबर होता, चोवीस नंबर होता. मधली जागा रिकामी होती.

अकिमोतो हा मिनाहाराच्या कर्करोग केंद्रातला मुखवटे घडवणारा तंत्रज्ञ. बारा वर्षांच्या नोकरीत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि व्हरांड्यातून पळताना तर त्याला कुणी स्वप्नातही पाहिलं नसेल. आजही तो पळाला नाही. भरभर चालत दुभाष्यांच्या खोलीत आला, कमरेत वाकला आणि जमिनीकडे बघतच म्हणाला, "उराबेबाई, फार वाईट झालंय. तोकिलुपेबाईंचा चेहरा चोरीला गेलाय."

शिगेको उराबेच्या हातातला चहा टेबलावर सांडला.

चेहरा म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा. केंद्राच्या तळघरात एक भलंमोठं चक्र होतं, त्याला सगळे 'कडं' म्हणत. कार्बनचे कण त्या कड्यात गरगर फिरून वेग घेत आणि मग रोग्याच्या गाठीवर सोडले जात. हे कण मोठे शिस्तीचे. सांगितलेल्या खोलीवर जाऊन थांबतात, पुढे एक पाऊल टाकत नाहीत. पण गाठही सांगितलेल्याच जागी हवी. म्हणून रोग्याच्या चेहऱ्यावर जाळी घडवायची, मानेखाली उशी घडवायची, आणि डोकं त्या दोघांच्या मध्ये असं पक्कं करायचं की शिंक आली तरी ते हलू नये. तोकिलुपेची गाठ नाकाच्या मागे होती. डाव्या डोळ्याची नस तिथून तीन मिलिमीटरवर होती.

"दुसरा करता येईल ना?" उराबेने विचारलं.

"करायला पंधरा मिनिटं लागतात. पण नवा मुखवटा म्हणजे नवे फोटो, नवं गणित, नव्या तपासण्या. दहा दिवस." अकिमोतोने बोटांवर मोजलं. "आणि आज सुरुवात झाली तरच चार आठवड्यांत कणांचे सोळा मारे पुरे होतात. त्यानंतर कडं दुरुस्तीला दोन महिने बंद."

दोन महिन्यांत गाठ डोळ्याच्या नसेपर्यंत पोचली असती. मग कार्बनही नाही आणि काहीच नाही. हे उराबेने स्वतःच्याच तोंडाने तोकिलुपेला भाषांतर करून सांगितलं होतं.

डॉक्टर नागाकुरा बातमी ऐकून आले ते दारातच उभे राहिले. "चार वाजेपर्यंत मी वाट बघतो," ते म्हणाले. "चारला यादीतल्या पुढच्या माणसाला फोन करणार. तोही आपलं डोकं वाचवायलाच थांबलाय. आणि उराबेबाई, हा मुखवटा तिच्याशिवाय जगात कुणाच्याच कामाचा नाही. ज्याने नेला, त्याला तिचे उपचार थांबवायचे होते. एवढं लक्षात ठेवा."

२

मुखवट्यांची खोली लहानशी होती. भिंतीला पाच फळ्या आणि त्यांवर ओळीने चेहरे, नाकं वर करून ठेवलेले.

"काल शेवटचा कधी पाहिलात?" उराबेने विचारलं.

"दुपारी चारला. सहाला कुलूप लावलं, तेव्हा वर पाहिलं नाही. माझी चूक."

म्हणजे चार ते सहा. दाराला तेव्हा कुलूप नसतं, समोर बसण्याची खोली, आणि भेटायला येणाऱ्यांची ये-जा चालू.

"वरच्या फळीवर तुमचा हात पोचतो?"

"नाही हो. स्टूल घेतो." स्टूल कोपऱ्यात होतं. त्यावर पट्ट्यांची तीन खोकी रचलेली होती. काल चारला त्यानेच ती ठेवली होती आणि अजून तशीच होती. चोराला स्टूल लागलं नव्हतं.

उराबे दाराशी आली. उंबऱ्यापाशी खोलीतल्या चपला होत्या, बोटं बाहेरच्या बाजूला आणि टाचा फरशीच्या रेघेला लावलेल्या. "या कुणी लावल्या?"

"मीच. काल चारला. अजून तशाच आहेत."

"आज सकाळी तुम्ही घातल्या?"

अकिमोतोने आपल्या पायांकडे पाहिलं. त्याच्या पायात त्याच्या स्वतःच्या निळ्या चपला होत्या. "माझा जोड वेगळा आहे. या दुसऱ्यांसाठी." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे तो चपला न घालता आत आला? नुसत्या पायांनी?"

चोरीपेक्षा त्याला हेच जास्त लागलेलं दिसत होतं. उराबेला एरवी हसू आलं असतं. इथल्या माणसाने खून करायचा ठरवला तरी उंबऱ्यावर चप्पल बदलूनच तो आत जाईल. स्टुलाशिवाय त्या फळीपर्यंत पोचणारा, आणि दाराशी वहाणा काढून सरळ अनवाणी आत शिरणारा माणूस इथला नव्हता.

पस्तीस वर्षांपूर्वी उराबे टोंगाला होती. सरकारने तिला तिथल्या बेटांवरच्या मुलांना अबॅकस शिकवायला पाठवलं होतं. दोन वर्षं ती मोसेसे नावाच्या माणसाच्या घरी राहिली. मोसेसे धक्क्यावर बोटींचे दोर धरायचा. नऊ वर्षांची तोकिलुपे आणि सात वर्षांचा फिलिमोने ही त्याची पोरं, तिच्या पहिल्या बाकावर बसणारी. गाठीची बातमी कळल्यावर उराबेनेच चार पत्रं लिहिली, कागद जमवले, फोनवर भांडली आणि म्हणाली, इकडे या, मी आहे.

तिघं आली. तोकिलुपे आईच्या वळणावर गेलेली, बुटकी. पण तिचा भाऊ आणि तिची आत्या दारातून वाकून आत यायचे. अनवाणी फिरणारी, उंच माणसं या इमारतीत ती दोनच, आणि दोघांनाही उराबेनेच बोलावलेलं होतं.

३

तोकिलुपे खाटेवर तयार होऊन बसली होती. डोक्यावर लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. सोमवारपासून ती टोपी तिच्या डोक्यावरच होती. फेब्रुवारीतली थंडी, आणि बाई गरम देशातली, त्यामुळे कुणाला काही वाटलं नव्हतं.

"बाई, आत गेल्यावर मनात गाणं म्हटलं तर चालतं ना? ओठ हलवणार नाही."

उराबेने काय झालं ते सांगितलं. तोकिलुपेने टोपी आणखी खाली ओढली. मग म्हणाली, "मला दोन्ही डोळ्यांनी घरी जायचंय, बाई. सर्जन म्हणाला होता डोळा काढावा लागेल. तुम्ही म्हणालात नाही लागणार. म्हणून आले मी."

"हो. मीच म्हणाले."

"मग शोधा ना."

"शोधते. मोसेसेशी बोललीस का? बापाशी बोललीस की बरं वाटेल."

तोकिलुपेने तोंड खिडकीकडे वळवलं. "बाबा धक्क्यावर असतील आता," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. आजच्या धसक्याने रडतेय, असं उराबेला वाटलं.

पाहुण्यांच्या इमारतीत फिलिमोने बॅग भरत होता. गुडघ्यापर्यंत लांब कोट त्याने घरातही अंगावरच ठेवला होता. वाकला की कोटाखालून चटईच्या दशा बाहेर यायच्या, जुन्या आणि फाटक्या. टोंगाची माणसं चर्चला जाताना कमरेला चटई बांधतात. बुधवारी कसलं चर्च, असा एक विचार उराबेच्या मनात आला आणि गडबडीत निसटला.

"कुठे निघालास?"

"संध्याकाळचं विमान आहे. दीडची बस."

"आज? बहिणीचा पहिला दिवस असताना?"

"घरी काम निघालंय, बाई."

"कसलं काम?"

"घरचं."

उराबेचा तोल गेला. "फिलिमोने, सरळ विचारते. मुखवटा तू नेलास? तिला परत घेऊन जायचंय का तुला?"

तो ताठ उभा राहिला. दार झाकलं जाईल एवढा मोठा माणूस, पण तोंड सात वर्षांच्या पोराचं झालं. "बाई, तुमच्या वर्गात मी अबॅकसचे मणी चोरले होते. तुम्ही विचारलंत आणि मी लगेच कबूल झालो. आज घेतलं असतं तरी कबूल झालो असतो."

"मग ती बॅग उघड."

"नाही."

"का नाही?"

"तुम्ही म्हणाल ते करीन. बॅग उघडणार नाही." त्याने चेन ओढली आणि बॅग पोटाशी धरली. घड्याळात साडेबारा झाले होते.

४

उराबे चहाच्या यंत्रापाशी येऊन उभी राहिली. डॉक्टरांना सांगून बॅग उघडवता आली असती. पण फिलिमोने लहानपणापासून खोटं बोलायला लागला की कान ओढायचा, आणि आज त्याचे हात जागच्या जागी होते. त्याने चोरी केली नव्हती, पण तो काहीतरी लपवत होता.

"काय उराबेबाई, सकाळपासून भिरभिरताय!" बाजूच्या खुर्चीतून हिराबायाशी आजोबा म्हणाले. अकरा नंबरचा मुखवटा यांचा. गावातले निवृत्त न्हावी, जबड्यात गाठ, पण जीभ शाबूत. पांढरे केस कानांवरून खाली आले होते. "माझा अवतार बघा! चाळीस वर्षं गावाची डोकी सरळ केली, आणि स्वतःचं टोपलं झालंय. शेजारीण म्हणते, दुकान बुडालं वाटतं तुमचं."

"का वाढवलेत मग?"

"हौस आहे का मला? अकिमोतोची बंदी! मुखवटा झाला की कात्री बंद. केस कमी झाले की डोकं मागे जातं म्हणे, आणि मार भलतीकडे बसतो." मग त्यांनी आवाज उतरवला. "तुमच्या राणीसाहेबांना मात्र कात्री दिली हो मी."

"कुठल्या राणीसाहेब?"

"त्या उंच म्हाताऱ्या बाई. खुर्चीवरून कुणासाठी उठत नाहीत त्या. रविवारी आल्या, बोटांनी असं कच-कच करून दाखवलं. मी म्हटलं, न्या. सोमवारी पुसून परत केली, वर केळ्यांची फणी."

उराबेने कप खाली ठेवला. "कुणाचे केस कापले?"

"काल तेच विचारलं, हातवारे करून. त्यांनी छातीवर हात ठेवला, म्हणजे माझे. अहो, पण त्यांचा अंबाडा होता तेवढाच! न्हाव्याला कोण फसवणार? तरी मी सावध केलं. डोक्यावर कात्री चालवून दाखवली, मग तोंडावर मुखवटा, मग असा आडवा झालो, डोळे पांढरे. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मला वाटलं, नाटक जरा जास्तच रंगलं."

"हे कधी?"

"चार वाजून गेले होते."

उराबेच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. लोकरीची टोपी. फिलिमोनेची फाटकी, मोठी चटई. आणि आत्याच्या कमरेला शालीखालून दिसणारी बारीक विणीची, मऊ चटई. टोंगात कुणी गेलं की सगळेच चटया बांधतात, पण मयतापेक्षा ज्याचा मान खालचा त्याची मोठी आणि फाटकी, ज्याचा मान वरचा त्याची बारीक आणि चांगली. मुलाची फाटकी आणि आत्याची चांगली; तिथे बहिणीचा मान भावाहून वरचा. असं एकाच माणसाच्या मरणात होतं. त्या मुलाच्या बापाच्या, त्या आत्याच्या भावाच्या.

मोसेसे गेला होता. धक्क्यावर कुणीही दोर धरून उभं नव्हतं. दोन वर्षं त्या घरचं जेवलेल्या उराबेला ती चटई दिसली होती आणि कळली नव्हती.

आणि बाप गेला की लेकीचे केस कापायचे, ते बापाच्या बहिणीने.

"पण मला एक कळत नाही," हिराबायाशी आजोबा डोकं खाजवत म्हणाले. "केसांचं सगळ्यांनाच पहिल्या दिवशी सांगतात की. यादी वाचतात ना, दोन पानी?"

उराबेने पर्समधून यादी काढली. पहिल्या पानावर प्रत्येक सूचनेसमोर तिची लाल खूण होती. तिने पान उलटलं. दुसऱ्या पानावर एकही खूण नव्हती.

५

तिला तो दिवस लख्ख आठवला. पहिलं पान औषधांचं आणि वेळांचं. दुसरं अंगाचं: केस, आंघोळ, आतले कपडे, पाळी. फिलिमोने बहिणीच्या शेजारी बसला होता. टोंगात भाऊ समोर असताना बहिणीच्या अंगाचं काही बोलत नाहीत. भाऊ खोलीतून उठून जातो, इतकं ते कडक. तिथली रीत मला माहीत आहे, या तोऱ्यात उराबेने पान मिटलं. नंतर एकटीला सांगू म्हणाली. मग कुणाचा तरी फोन आला, आणि ते नंतर कधी आलंच नाही.

दुसऱ्या कुणा दुभाष्याने सरळ वाचून टाकलं असतं. तिथलं पाणी प्यायलेल्या माणसालाच ही चूक जमली.

आत्या लाविनिआ बसण्याच्या खोलीत मोठ्या खुर्चीत होत्या. सकाळपासून तिथेच. चहाला उठल्या नाहीत, डॉक्टर आले तरी उठल्या नाहीत. त्या कुणासाठीच उठत नसल्यामुळे याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. मांडीवर शाल होती आणि शालीवर दोन्ही हात.

चार माणसांत बोलावून आत्याला चोर म्हणणं उराबेला या जन्मी जमलं नसतं. ती त्यांच्या समोर फरशीवर बसली, पाय एका बाजूला घेऊन, पूर्वी त्यांच्या घरात बसायची तशी.

"मोसेसे कधी गेला, आत्या?"

"शनिवारी. दोर धरूनच."

"मला का नाही सांगितलंत?"

"पोरगा म्हणाला, घरात मयत आहे कळलं तर दवाखाना आपला नंबर दुसऱ्याला देईल. तू दवाखान्याची. तुला सांगून तुझी पंचाईत कशाला?"

"आणि रविवारी तुम्ही तोकिलुपेचे केस कापलेत."

"ते माझंच काम आहे, शिगेको. माझा भाऊ, माझी भाची."

"काल त्या आजोबांनी हातवारे केले, तेव्हा तुम्हाला कळलं की आता ते डोकं त्या मुखवट्यात बसणार नाही. तुम्ही आत गेलात आणि मुखवटा उचललात. त्यांनी चुकीच्या जागी मार देऊ नये म्हणून."

"मग काय बघत बसू?" आत्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "त्या मुखवटेवाल्या पोराने घडवला तेव्हा मी शेजारीच होते. गरम पाण्यातून काढला, तोंडावर दाबला, पंधरा मिनिटांत झाला. म्हटलं, हा हरवला की नवा करतील, नव्या डोक्यावर. कुणाला काही सांगायला नको, केसांमुळे घोळ झाला हे पोरीला कळायला नको. तर सकाळपासून सगळे धावतायत आणि नवा कुणी करतच नाही! का करत नाही?"

उराबेला सांगताना फार जड गेलं. "घडवायला पंधरा मिनिटं, आत्या. पण मागचं गणित दहा दिवसांचं. तेवढा वेळ नाहीये आपल्याकडे. आणि चूक तुमची नाही. केस कापू नका, हे मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

आत्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी शाल बाजूला केली. मांडीवर तोकिलुपेचा चेहरा होता, पांढरा, डोळे मिटलेला.

"फेकवेना मला," त्या म्हणाल्या. "तिचं नाक आहे ते. मोसेसेचं नाक." आणि सगळ्या गावाने ज्यांच्यापुढे मान खाली घालायची त्या आत्या, लहान मुलीसारख्या तोंडावर हात घेऊन रडल्या. उराबेही रडली. मग तिने मुखवटा हातात घेतला, आणि उजेडात फिरवून पाहताना तिच्या मनात काहीतरी चमकलं. मुखवटा होता, उशी होती, कवटी तीच होती. कमी पडत होती ती एकच गोष्ट.

"आत्या, वेणी सुटी केलीत की अखंड आहे?"

"अखंड. सुटी कशी करीन? झाडाच्या सालीच्या कापडात बांधलीय. येत्या शनिवारी पुरताना भावाच्या उशाशी ठेवायची."

"आहे कुठे?"

"फिलिमोनेच्या बॅगेत."

भिंतीवरच्या घड्याळात एक अठ्ठावीस झाले होते. मिनाहाराची बस एक तीसला सुटते, म्हणजे एक तीसलाच सुटते.

६

फिलिमोनेचा फोन बंद होता. खिडकीतून बसची पाठ दिसली, आणि ती वळणाआड गेली.

"बस घाटाने फिरून बोगद्याच्या थांब्यावर एक एकेचाळीसला येते," अकिमोतो मागून म्हणाला. मुखवटा सापडल्याचं ऐकून तो आला होता, आणि वेणीचं उराबेने त्याला सांगितलं होतं. "डोंगरातल्या पायऱ्यांनी गेलं तर गाठता येईल. पण मला त्यांची भाषा येत नाही. ते मला कसे देतील?"

उराबेने आत्यांना विचारलं. आत्या उठल्या. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्या कुणासमोर उठून उभ्या राहिल्या. कमरेची दोरी सोडली, त्या बारीक विणीच्या चटईची घडी घातली आणि अकिमोतोच्या हातात दिली. "हे दाखव म्हणावं. तोंड उघडायची गरज नाही."

अकिमोतोने दोन्ही हातांनी चटई घेतली, वाकला, आणि पळाला. व्हरांड्यातून, लोकांच्या मधून, दाराशी चपलाही न बदलता. परिचारिका भिंतीला चिकटून बघत राहिल्या.

नंतर त्याने सांगितलं ते एवढंच. बस थांबली होती. तो पायरीवर चढला आणि चटई वर धरली. फिलिमोनेने चटई पाहिली, उठला, बॅग उघडली, सालीच्या कापडाचं पुडकं काढून कपाळाला लावलं आणि त्याच्या हातात ठेवलं. त्याला शनिवारी बापाला पोचवायचं होतं. बस त्याला घेऊन पुढे गेली.

पुडक्यात काळी वेणी होती, मनगटाएवढी जाड. तोकिलुपेने टोपी काढली आणि अकिमोतोने नजर खाली वळवली. मानेवर आखूड, ओबडधोबड कापलेले केस होते. वेणीचा अंबाडा गुंडाळून त्याने उशीच्या खोबणीत ठेवला, वर डोकं टेकवलं, जाळी चढवली आणि खटके लावले. फोटो निघाला.

"दोन पूर्णांक एक मिलिमीटर सरकलंय," डॉक्टर नागाकुरा पडद्याकडे बघत म्हणाले. "नाही चालणार, एकाच्या आत हवं." तीन वीस झाले होते.

पुन्हा केलं. एक पूर्णांक आठ. पुन्हा. दोन. अकिमोतोने खटके परत सोडले.

"आत्यांना आत घ्या," उराबे म्हणाली. "डॉक्टर, घ्या त्यांना आत."

आत्या आल्या. दाराशी वहाणा काढल्या, थबकल्या, आणि तिथल्या चपलांत आपली अर्धी पावलं कशीबशी घातली. खोबणीतला अंबाडा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "हे काय गुंडाळलंय? ती डावखुरी आहे! उलटा फिरतो तिचा." त्यांनी वेणी उलगडली, दुसऱ्या बाजूने दोन वेढे दिले, टोक आत खोचलं आणि भाचीचं डोकं आपल्या हातांनी त्यावर ठेवलं. "आहेस ना नीट?"

जाळीखालून बोलायला बंदी होती. तोकिलुपेने बोट वर केलं.

सगळे बाहेर आले आणि जाड दार बंद झालं. पडद्यावर कवटीच्या दोन सावल्या आल्या, जुनी आणि नवी. हळूहळू सरकत एक दुसरीत गेली. डॉक्टर नागाकुरा चष्मा वर करून आकडा वाचत राहिले.

"शून्य पूर्णांक तीन," ते म्हणाले. "सोडा." तीन बावन्न झाले होते.

कणांचा आवाज येत नाही. तीन मिनिटं नुसता एक दिवा लागतो, आणि मग तो विझतो.

"डॉक्टर, सूचनांचं दुसरं पान मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं," दिवा विझल्यावर ती म्हणाली. "चोरी वगैरे काही नाही. हे सगळं त्यामुळे झालं."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "लेखी द्या."

"आजच देते."

आत्या पुन्हा मोठ्या खुर्चीत बसल्या होत्या. उराबे समोर फरशीवर बसली आणि तिने पडद्यावरचा आकडा त्यांना टोंगन भाषेत सांगितला. हाडाला हाड जुळल्याचं सांगितलं. मग अडखळत म्हणाली, "अजून पंधरा वेळा वेणी लागेल, आत्या. चार आठवडे. शनिवारी मोसेसेच्या उशाशी काही नसेल."

आत्यांनी शाल सारखी केली. डोळे कोरडे होते.

"मी त्याची बहीण आहे, शिगेको," त्या म्हणाल्या. "आमच्यात बहिणीचा शब्द मोठा. मी थांब म्हटलं की तो आयुष्यभर थांबत आला. आताही थांबेल."